लोथल की धोळावीरा, पोरांना घेऊन कुठे जावं?

पोरांना हडप्पा संस्कृती पुस्तकाबाहेर दाखवायचीय आणि सुट्टी मोजकीच असेल तर आधी मुक्काम कुठे आहे ते बघा. अहमदाबादला उतरलात तर लोथल साधारण 80 किलोमीटर, सकाळी निघून संध्याकाळी परत. धोळावीरा पार कच्छच्या रणात, खदिर बेटावर, भुजहून रणातल्या नव्या रस्त्याने गेलात तरी जाऊन-येऊन अख्खा दिवस जातो, आणि तिथे सावली म्हणाल तर शून्य.

लोथल बघून पहिल्यांदा 'एवढंच?' असं होतं, खोटं कशाला बोलू. समोर भाजक्या विटांचा लांबलचक हौद, सुमारे 214 मीटर बाय 36. उत्खनन करणारे एस. आर. राव म्हणाले ही जहाजांची गोदी, दुसरे म्हणतात नुसता पाण्याचा तलाव, आणि हे भांडण अजून चालूच आहे. मला गोदी पटते, कारण लागूनच वखारीचे चौथरे आहेत आणि पर्शियन आखाताकडच्या धाटणीची मुद्रासुद्धा इथे सापडलीय. मणी बनवायचा कारखानाही होता. म्युझियम छोटं पण छान आहे, फक्त शुक्रवारी बंद असतं.

धोळावीऱ्याची गोष्टच वेगळी. इथे विटांपेक्षा दगडाचं काम जास्त, वर बालेकिल्ला, मग मधलं नगर, मग खालचं. पण खरी मजा पाण्यात आहे. मनसर आणि मनहर हे दोन पावसाळी ओढे, त्यांचं पाणी बांध घालून वळवायचं आणि तटाच्या आतल्या टाक्यांमध्ये साठवायचं, त्यातली पूर्वेची टाकी 73 मीटर लांब, जवळपास 10 मीटर खोल, उतरायला पायऱ्यांसकट! आपल्याकडे मार्च उजाडला की टँकरला फोन सुरू होतात, आणि हे लोक साडेचार हजार वर्षांपूर्वी रणात राहून पाण्याचा हिशोब ठेवत होते. बालेकिल्ल्यातल्या विहिरीच्या काठावर दोर घासून पडलेल्या खाचा आहेत, माझी मुलगी त्यात बोट फिरवत बसली ती उठेचना. उत्तर दरवाजाजवळ 10 मोठ्या चिन्हांची पाटीही सापडली होती, काय लिहिलंय ते आजतागायत कुणाला वाचता आलेलं नाही. 2021 मध्ये युनेस्कोच्या यादीत आल्यापासून गर्दी थोडी वाढलीय.

पोरं दहाच्या पुढची असतील तर मी डोळे झाकून धोळावीरा म्हणेन, डिसेंबर-जानेवारीत जा आणि रात्री तिथेच मुक्काम करा. आजी-आजोबा सोबत असतील तर मात्र लोथलच बरं, धोळावीऱ्यात चढउतार फार आहे.