तयार कोर्स, की आधी गरज तपासून आखलेलं प्रशिक्षण?

बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीत रिजेक्शन (तपासणीत नाकारले जाणारे भाग) वाढलं की मालकाला पहिल्यांदा सुचतो तो बाहेरचा तयार कोर्स. एक दिवस, ढीगभर स्लाइड, सगळं इंग्रजीत. लगेच होतो, स्वस्तही पडतो. आगीपासून बचावासारख्या, सगळ्यांना सारख्याच लागणाऱ्या विषयाला तो पुरतो.

दुसऱ्या मार्गाला वेळ लागतो, कारण आधी मशीनपाशी उभं राहून बघावं लागतं. एका मशीनशॉपमध्ये मी दोन दिवस तसं बघितलं. ऑपरेटर मायक्रोमीटर अचूक वाचत होता, पण रात्रपाळीत त्याच्या हातात ड्रॉइंगची जुनी प्रत यायची. तिथं प्रशिक्षण नकोच होतं, कागद बदलायला हवा होता! खरी उणीव एकच निघाली: टूल झिजल्यावर ऑफसेट, म्हणजे झीज भरून काढणारी मापातली दुरुस्ती, कधी आणि किती द्यायचा. त्यासाठी मशीनवरच अर्ध्या तासाचा सराव ठेवला, मराठीत आणि कन्नडमध्येही.

कॉलेजातही तेच. खानापूर-निपाणीकडच्या मराठी शाळांतून आलेली मुलं संकल्पनेत अडतात की इंग्रजी शब्दात, हे एका छोट्या चाचणीत कळतं. त्यावरून उद्दिष्टं ठरवायची, मग तास आखायचे.

अमेरिकन प्राध्यापक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या चार पायऱ्या मांडल्या: प्रतिक्रिया, शिकणं, वर्तन, परिणाम. तयार कोर्सचा फीडबॅक फॉर्म बहुतेकदा पहिल्याच पायरीवर थांबतो. माझा कौल दुसऱ्या मार्गाला. वेळ अगदीच नसेल, तर निदान एक पाळी मशीनपाशी काढा आणि मगच कोर्सचे पैसे भरा.