मुदत ठेव करायला गेलो आणि विमा पॉलिसी मिळाली: एका बँक शाखेच्या सेवेचे परीक्षण

सोलापुरातील ज्या बँक शाखेत माझ्या आईचे निवृत्तिवेतन जमा होते, तिथले रोख काउंटर चोख चालते आणि नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी येणाऱ्या वृद्धांना आदराने बसवले जाते. मुदत ठेवीच्या टेबलाबद्दल मात्र तसे म्हणता येत नाही.

मार्चमध्ये आई ठेवीचे नूतनीकरण करायला गेली असता, ‘जास्त परताव्याची ठेव’ म्हणून तिच्या ज्या अर्जावर सह्या घेतल्या, तो दरवर्षी हप्ता भरायच्या विमा पॉलिसीचा निघाला. सह्या घेणाऱ्या अधिकाऱ्याला दुष्ट ठरवून हा विषय संपत नाही. मार्चअखेरचे टार्गेट, संध्याकाळी वर कळवायचा आकडा आणि त्यावर ठरणारी बदली असे सगळे त्यानेच मला सांगितले. मात्र पॉलिसी कोणाला आणि काय सांगून विकली, हे त्या आकड्यात कुठेही दिसत नाही. अमेरिकेतील वेल्स फार्गो बँकेत प्रत्येक ग्राहकामागे आठ उत्पादने विकण्याचे उद्दिष्ट होते. लाखो खाती ग्राहकांच्या संमतीविना उघडली गेली आणि २०१६ मध्ये १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला, तेव्हा बँकेने सुमारे ५,३०० कर्मचारी काढल्याचे सांगितले, पण उद्दिष्ट वरूनच आले होते.

मला अधिक गंभीर वाटते ती तक्रारीची वाट. मुख्य कार्यालयाकडे केलेली तक्रार अहवालासाठी त्याच शाखेत आली, त्याच अधिकाऱ्याने ‘ग्राहकास अटी समजावून सांगितल्या’ असे लिहिले आणि तक्रार निकाली निघाली. ब्रिटनच्या पोस्ट खात्यात हॉरायझन संगणकप्रणालीने दाखवलेली खोटी तूट शाखाचालकांची चोरी मानली गेली, कारण बहुतेक प्रकरणांत तपास करणारे आणि खटला भरणारे पोस्टच होते. १९९९ ते २०१५ या काळात ९०० हून अधिक जण दोषी ठरले.

पॉलिसीचा कागद हाती आल्यापासून ३० दिवसांच्या फ्री लूक मुदतीत, म्हणजे पटली नाही तर पॉलिसी परत करता येण्याच्या मुदतीत, आम्ही ती रद्द केली आणि थोडी वजावट होऊन पैसे परत मिळाले. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते, हे शाखेतील कोणीही आपणहून सांगितले नाही. रद्द झालेली पॉलिसी मार्चच्या आकड्यातून वजा होते का, असे मी विचारले तेव्हा ‘नाही’ असे उत्तर मिळाले. ती वजा होऊ लागेपर्यंत त्या टेबलासमोर मी आईला एकटीला बसू देणार नाही.