चिऱ्याच्या भिंतीवरची मांडणी: नऊ महिने आणि एका पावसाळ्यानंतर

रत्नागिरीजवळच्या आमच्या घराचं गॅरेज दहा फूट रुंद आहे. गाडी आत घेतली की दोन्ही बाजूंना माणूस जाईल एवढीच जागा उरते. त्यातच रंगाचे डबे, ग्रास कटर, आंब्याचे क्रेट, खत, झेला (आंबे काढायची जाळीची लांब काठी) असं सगळं ठेवायचं होतं. जानेवारीत भिंतीवर मांडणी करून घेतली. आता ऑक्टोबर आहे, मधला सगळा पावसाळा तिने काढला, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी स्लॉटेड अँगलचा, म्हणजे भोकं पाडलेल्या लोखंडी पट्ट्यांचा, उभा रॅक बघितला. दणकट असतो, पण सव्वा-दीड फूट जमीन खातो आणि गाडीचं दार धड उघडत नाही. कडप्पा भिंतीत खाच पाडून बसवावा लागतो, एकदा बसला की हलत नाही. शेवटी वॉल चॅनल घेतले. भिंतीवर उभ्या पट्ट्या, त्यांच्या खाचांत अडकवायचे ब्रॅकेट आणि त्यांवर फळ्या. फळीची उंची पाच मिनिटांत बदलता येते. एप्रिल-मेमध्ये क्रेट मावावेत म्हणून मी दोन फळ्या वर सरकवल्या, जूनमध्ये पुन्हा खाली आणल्या.

दुकानात मी ब्रॅकेट किती किलो पेलतो हेच विचारत राहिलो. खरा प्रश्न भिंतीचा होता.

आमची भिंत चिऱ्याची, म्हणजे कोकणातल्या लाल जांभ्या दगडाची. चिरा दगड असला तरी आतून भोकाभोकांचा, कुठे कडक, कुठे नुसती माती. सुताराने चॅनलबरोबर आलेले गट्टू (भिंतीच्या भोकात बसून स्क्रू धरून ठेवणारे प्लग) आणि दोन इंची स्क्रूच वापरले. त्यातला पाऊण इंच गिलाव्यातच गेला, चिऱ्यात उरला सव्वा इंच. तीन आठवड्यांत एका चॅनलचा सगळ्यात वरचा स्क्रू बाहेर आलेला दिसला, खाली जमिनीवर लाल भुकटी. वरचाच का, तर फळीवरचं वजन चॅनलला पुढे ओढतं. त्याचं खालचं टोक भिंतीवर दाबलं जातं आणि वरचं भिंतीपासून सुटू पाहतं. ओढ सगळ्यात जास्त वरच्या स्क्रूवर. रंगाचे भरलेले डबे फळीच्या पुढच्या कडेला होते, त्यामुळे ती आणखी वाढली.

सगळं उतरवलं आणि आमचं घर बांधणाऱ्या गवंड्यांना बोलावलं. त्यांनी आधी ड्रिलचा हॅमर बंद केला. "चिऱ्याला ठोकलंत की भोक मोठं होतं, मग कुठलाच गट्टू धरत नाही." चॅनल दोन इंच बाजूला घेऊन, ड्रिल नुसतं फिरवत नवी भोकं पाडली, आतली भुकटी फुंकून काढली आणि १० मिमी जाडीचे, १०० मिमी लांबीचे नायलॉनचे गट्टू घातले. स्क्रू स्टेनलेसचे. चोवीसपैकी तीन ठिकाणी ड्रिल एकदम आत गेलं, म्हणजे पोकळी. तिथे जाळीची नळी घालून केमिकल अँकर, म्हणजे वाळून घट्ट होणारा चिकट रसायनाचा लगदा, भरला आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावला नाही. मी रावळ बोल्ट सुचवला होता. ते नको म्हणाले, कारण तो आत फुगून धरतो आणि त्या दाबाने मऊ चिरा फुटतो. तेव्हापासून एकही स्क्रू हललेला नाही.

पुण्या-मुंबईच्या नव्या इमारतींतल्या सिपोरेक्सच्या (हलक्या, सच्छिद्र सिमेंट ब्लॉकच्या) भिंतीही अशाच मऊ असतात. तिथेही हॅमर नको, आणि त्या ब्लॉकसाठीचे वेगळे गट्टू मिळतात तेच घ्या. काँक्रीट किंवा पक्क्या विटेला साधे गट्टू पुरतात.

फळ्या १८ मिमीच्या मरीन प्लायच्या, म्हणजे ओलाव्यात टिकणाऱ्या प्लायच्या, त्यासाठीच्या भारतीय मानकाच्या आयएस ७१० शिक्क्याच्या. आठ बाय चारच्या एका शीटमधून फूटभर रुंदीच्या चार फळ्या निघाल्या. चार चॅनल अडीच-अडीच फुटांवर आहेत. हे अंतर वाढवून चॅनल वाचवू नका. तेवढ्याच वजनाला आधारांमधलं अंतर दुप्पट केलं तर फळीचा वाक आठपट होतो. कापलेल्या कडांना ऑइलपेंट मात्र लावाच, प्लायमध्ये पाणी शिरतं ते तिथूनच.

आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. वाऱ्याबरोबर येणारी झड पश्चिमेच्या भिंतीवर बसते आणि श्रावणापर्यंत ती भिंत आतून ओली होते. म्हणून मांडणी स्वयंपाकघराला लागून असलेल्या भिंतीवर केली, आणि ती कोरडी राहिली. तरीही सगळ्यात खालच्या फळीचे ब्रॅकेट ऑगस्टमध्ये गंजले. मला समुद्राची हवा वाटली होती, पण वरच्या तिन्ही फळ्यांचे ब्रॅकेट स्वच्छ होते. मग लक्षात आलं, खालच्या फळीवर पोटॅश आणि युरियाच्या अर्धवट उघड्या पिशव्या होत्या. ही खतं हवेतला ओलावा ओढतात, पाझरतात, आणि पोटॅशमधलं क्लोराइड लोखंडाला खातं. खाचांच्या कडांना पावडर कोटिंग पातळ असतं, गंज तिथूनच सुरू झाला.

आता खत झाकणाच्या प्लास्टिक पिंपात, जमिनीवर, विटांवर ठेवलंय. पोत्यांचं वजन तसंही भिंतीवर टांगायचं नाही. झेल्याच्या लांब काठीसाठी फळ्यांच्या वर दोन आकडे मारले. खालचे चार ब्रॅकेट दिवाळीआधी बदलणार आहे, या वेळी जस्ताचा मुलामा दिलेले.