झूबँक : नव्या झुरळाचं नाव नोंदवण्याआधी

झुरळाची नवी प्रजाती जाहीर करताना दोन कामं वेगवेगळी असतात. ती खरोखर नवी आहे हे दाखवणं हे एक, आणि तिचं नाव नियमांत टिकेल अशा रीतीने प्रसिद्ध करणं हे दुसरं. झूबँकचा संबंध फक्त दुसऱ्याशी आहे. ही आंतरराष्ट्रीय प्राणी-नामकरण आयोगाची प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची अधिकृत ऑनलाइन नोंदवही. २००८ साली सुरू झाली, वापरायला मोफत. २०१२ साली आयोगाने संहितेत, म्हणजे प्राणी-नामकरणाच्या नियमावलीत, दुरुस्ती करून २०११ नंतरचे फक्त ऑनलाइन निघालेले लेख ग्राह्य धरले आणि त्यांना इथली नोंदणी बंधनकारक केली. छापील नियतकालिकात लेख येणार असेल तर नोंदणी सक्तीची नाही, तरीही करावी.

नोंद केली म्हणजे नाव राखून ठेवलं, असं बरेच जण धरून चालतात. तसं अजिबात नाही. नावाचा हक्क ठरतो तो लेख प्रसिद्ध झाल्याच्या तारखेवर. तुमचं वर्णन बरोबर आहे का, नमुना नीट पाहिलाय का, हेही इथे कुणी तपासत नाही. ती जबाबदारी तुमची आणि परीक्षकांची.

आणि झुरळांत ती जबाबदारी मोठी आहे. ब्लाटेला असाहिनाय पाहा. ओकिनावातल्या नमुन्यांवरून १९८१ साली वर्णन झालेलं हे झुरळ घराघरांतल्या जर्मन झुरळासारखंच दिसतं, मानेवरच्या ढालीवर तेच दोन काळे पट्टे. वागणं मात्र निराळं : पालापाचोळ्यात राहतं, सहज उडतं, दिव्याकडे येतं. १९८६ साली फ्लोरिडात सापडलं तेव्हाही हे वागणंच आधी डोळ्यांत भरलं. पण वर्णन वागण्यावर उभं राहत नाही, त्याला शरीराची खूण लागते. म्हणून प्रौढ नर हवाच. नुसती पिल्लं किंवा माद्या असतील तर थांबलेलं बरं, कारण बहुतेक गटांत निर्णायक खुणा नराच्या जननांगांत असतात, आणि काहींत त्याच्या पाठीवरच्या ग्रंथींतही.

ही जननांगं मोकळी करून पाहण्यासाठी पोटाचं टोक कापून १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये रात्रभर, साध्या तापमानाला ठेवावं. गरम केलं तर काम मिनिटांत होतं, पण जरा लक्ष चुकलं की नाजूक पडदे पारदर्शक होऊन फाटतात. मग पाण्याने धुऊन ग्लिसरीनमध्ये घ्यावं. कायमची स्लाइड करू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. काचेखाली भाग चपटे होतात, तिरके पडतात आणि पुढच्या अभ्यासकाला ते फिरवून पाहता येत नाहीत. ग्लिसरीनची छोटी कुपी त्याच नमुन्याच्या टाचणीला लावावी. नराच्या जननांगांतला आकडीसारखा भाग डावीकडे आहे की उजवीकडे हे चित्रात न चुकता दाखवावं : ब्लाटेलिनी उपकुळात तो डावीकडे असतो, स्यूडोफिलोड्रोमिनीत उजवीकडे. फोटो संगणकावर आरशातल्यासारखा उलटा झाला तर पूर्ण उपकुळच बदलतं! डीएनएसाठी एक पाय ९५ टक्के इथेनॉलमध्ये आधीच वेगळा ठेवावा.

आता झूबँकचा अर्ज. खातं उघडा, लेखक शोधा, लेखाची नोंद करा, मग त्या लेखाखाली नव्या नावाची. लेखकाचं नाव आद्याक्षरांसह आणि पूर्ण, दोन्ही तऱ्हांनी शोधावं. एकाच माणसाच्या दोन-दोन नोंदी इथे भेटतात, त्यात आपली भर नको. मिळणारे क्रमांक लांबलचक असतात आणि लेखासाठी ‘पब’, नावासाठी ‘अ‍ॅक्ट’ या शब्दाने ओळखले जातात. संहितेला हवी असते लेखाची नोंद, आणि ती झाल्याचा पुरावा लेखातच. घाईत लोक नावाचाच क्रमांक दोन्हीकडे चिकटवतात. प्रूफ तपासताना आणखी एक बघायचं : ओळीच्या शेवटी क्रमांक तुटून जादा जोडरेघ शिरलेली नाही ना.

खरी गफलत होते ती अर्काइव्हच्या रकान्यात. लेख कायमचा जपून ठेवणारी, प्रकाशकाहून वेगळी संस्था आणि तिचा संकेतस्थळ-पत्ता झूबँकच्या नोंदीत असलाच पाहिजे, शिवाय नियतकालिकाचा आयएसएसएन, म्हणजे त्याचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक. हे लेखात छापायची गरज नसते, म्हणूनच ते विसरलं जातं. संपादकांना आधीच विचारून घ्यावं. नोंदणीशिवाय लेख ऑनलाइन गेला तर नाव ग्राह्य धरलं जात नाही, पुन्हा प्रसिद्ध करावं लागतं आणि नावापुढचं वर्षही बदलतं. प्रसिद्धीची तारीख मात्र लेखातच लिहिलेली हवी.

शोधयंत्र म्हणून झूबँकवर विसंबू नये. जुनी नावं तिथे अपुरी आहेत, त्यामुळे ‘सापडलं नाही’ म्हणजे ‘मोकळं आहे’ असा अर्थ काढता येत नाही. नाव आधी वापरलंय का हे कॉक्रोच स्पीशीज फाइल या झुरळांच्या नावांच्या ऑनलाइन सूचीत तपासा. झुरळांपुरतं ते कितीतरी भरवशाचं आहे. व्याकरणही झूबँक सुधारत नाही. ब्लाटेला स्त्रीलिंगी आहे, म्हणून विशेषणही स्त्रीलिंगीच हवं : जर्मॅनिका, जर्मॅनिकस नव्हे. पुरुषाच्या सन्मानार्थ नाव दिलं तर शेवटी एक ‘आय’ अक्षर, स्त्रीच्या असेल तर ‘ए-ई’. नोंदीत आणि लेखात स्पेलिंग वेगळं पडलं तर लेखातलं धरलं जातं.

लेखात ‘नवी प्रजाती’ असं स्पष्ट लिहिणं, शब्दांत वेगळेपण सांगणं, एकच होलोटाइप (ज्याच्याशी नाव कायमचं जोडलं जातं तो नमुना) ठरवणं आणि तो कुठल्या संग्रहात आहे ते देणं, हे झूबँकच्या बाहेरचं पण तितकंच अनिवार्य. आपल्याकडे जैवविविधता कायदा, २००२ च्या कलम ३९ नुसार नव्या प्रजातीची माहिती आणि नमुने नेमलेल्या संग्रहालयात द्यावे लागतात. भारतीय प्राणी सर्वेक्षण ही त्यातली एक संस्था, तिचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे. नमुना जमा करून नोंदक्रमांक हाती आल्यावरच हस्तलिखित पाठवावं.

झूबँकचा अर्ज लेख स्वीकारला गेल्यावर, अंतिम प्रूफच्या आधी भरावा. त्याआधी भरला तर शीर्षक किंवा लेखकांचा क्रम बदलतो आणि नोंद जुनीच राहते. लेख आल्यावर पुन्हा लॉग-इन करून तारीख, खंड आणि पानं भरायची.