अंजनगावचा पानठेला: 5 पैकी साडेतीन, त्यातला एक स्टार काकांच्या गप्पांचा

पुण्यात कोणी गाव विचारलं आणि मी अंजनगाव सुर्जी म्हटलं की दहातले दोघं तरी म्हणतात, अच्छा, ते तहवालं का. हो बाबा तेच. 30 डिसेंबर 1803, दौलतराव शिंद्यांनी कंपनीशी तह केला आणि दिल्ली-आग्र्यापासून नगरच्या किल्ल्यापर्यंत काय काय सोडून दिलं, शाळेच्या इतिहासात आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या ह्या गावाला तेवढी एकच ओळ होती आणि ती पण हरल्याची. पण आमच्याकडे गावाचं नाव व्हायचं ते तहासाठी नाही, पानासाठी. खायच्या पानासाठी. म्हणून हा रिव्ह्यू.

ठेला जुन्या स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे, पाटी नाही, निळा रंग उडालेला लाकडी खोका आणि वर ताडपत्री. ह्यावेळी दिवाळीत आजीच्या घराचं काम काढलं होतं म्हणून आठ दिवस राहिलो आणि रोज जेवण झालं की तिकडे. काका मला ओळखत नव्हते, पहिल्या दिवशी चष्म्यावरून बघून "कोणाचे होय जी तुम्ही?" विचारलं, आजोबांचं नाव सांगितल्यावर बाकावरचं पोतं झटकून "बसा बसा" म्हणाले.

आता पानाचं. साधं कपुरी, म्हणजे आमच्या गावचं पान, मागितलं तर काका ओल्या फडक्याखालून पान काढतात, देठ आणि टोक कात्रीने उडवतात, मागून अंगठा फिरवून शीर कुठे जाड आहे ते बघतात, जाड निघालं तर ते पान बाजूला. मग चुना, कात, कतरी सुपारी, बडीशेप, वरून एक लवंग टोचायची. सांगितलं तरच गुलकंद, आणि तेही जेमतेम. पिवळसर हिरवं पातळ पान आहे, तोंडात चोथा राहत नाही, तिखटपणा नंतर हळू येतो. पुण्यात ते बर्फातलं, चॉकलेटवालं जे पान देतात ते खाल्लेल्या माणसाला हे अगदीच साधं वाटेल, मला मात्र पहिल्याच घासाला आजीचा पानपुडा आठवला. पान पंधरा रुपये.

तक्रारी पण आहेत. एक म्हणजे चुना. दुसऱ्या दिवशी गप्पांच्या नादात काकांनी इतका लावला की जीभ सोलून निघाली, रात्री भाजी पण खाता आली नाही. दुसरं म्हणजे थांबावं लागतं, कारण ठेल्यावर पान खाणारा मी एकटा आणि बाकी सगळे खर्रेवाले. पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना टाकून घोटायचं काम अखंड चालू, पोट्टे गाडीवरूनच ओरडतात "काका, एक घोटून द्या", काका माझं अर्धं लावलेलं पान ठेवून ते घोटायला घेतात. 2012 ला गुटखाबंदी झाली तेव्हा वाटलं होतं लोक परत पानाकडे येतील. कुठे काय, खर्रा वाढला.

तिसरी तक्रार मोठी आहे. संध्याकाळी गेलात तर कलकत्ता पान मिळतं, जाड, गडद हिरवं. अरे अंजनगावात बसून कलकत्त्याचं पान? मी चिडूनच विचारलं तर काका शांतपणे म्हणे, "गावचं पान पायजे तं सकाळी येत जा. मळे रायले किती आता? पाणी खाली गेलं, पोट्टे पुण्याले गेले, वेल कोण बांधीन?" पुण्याले म्हणताना माझ्याकडेच बघत होते. मी गप.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पानमळा म्हणजे लहान मुलासारखं काम असतं. शेवरी-पांगाऱ्याच्या आधाराने वेल चढवायचा, सावली सांभाळायची, ओल सतत हवी पण पाणी तुंबलं की मूळ सडतं, आणि वर्षाकाठी वाढलेला वेल खाली उतरवून परत मातीत दाबायचा. आमच्याकडे बारी समाजाने हे पिढ्यान्‌पिढ्या केलं, सोबत पानपिंपरी पण लावायचे, ती आयुर्वेदिक औषधांना जाते. लहानपणी मळ्यात शिरलं की एप्रिलमध्ये पण अंगाला गार लागायचं आणि आत चप्पल घालून गेलं की म्हातारी ओरडायची. तो मळा होता तिथे आता प्लॉट पडलेत.

बाकी ठेल्यावरून स्टेशनकडे बघायला मिळतं, तेवढाच नजारा. शकुंतला, म्हणजे आमची छोटी रेल्वे, बंद आहे. मूर्तिजापूर ते अचलपूर 76 किलोमीटर, अडीच फुटाची लाइन, वऱ्हाडचा कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरला न्यायला टाकलेली, आणि गाडीचं वाफेचं इंजिन 1921 चं, ते पण मँचेस्टरचंच. म्हणजे कापूस गेला आणि बदल्यात इंजिन आलं असा काकांचा हिशोब. 1994 ला ते इंजिन काढून डिझेल लावलं तेव्हा मी पाचवीत होतो. गार्डच तिकीट फाडायचा, फाटक लावायला पण गाडीतलाच माणूस उतरायचा, आम्ही पोरं मुद्दाम उतरून बाजूने पळायचो आणि परत चढायचो. काका सांगतात गाडीच्या टायमाला पानाच्या टोपल्या घेऊन लोक उभे राहायचे आणि ह्याच ठेल्यावर त्यांचे वडील आणि ते दोघं मिळून हात चालवायचे. आता रुळांत बोरी-बाभळी माजल्यात, शेळ्या चरतात.

जाणार असाल तर सकाळी दहाच्या आत जा, कपुरी म्हणून स्पष्ट सांगा आणि चुना कमी हे आधीच बोला. स्कॅनर लावलाय पण काकांना मेसेज वाचता येत नाही, नातू शाळेतून आला की तो बघून सांगतो, म्हणून सुटे पैसे न्या. निघायच्या दिवशी मी वीस पानं बांधून मागितली तर त्यांनी बाराच दिली, म्हणे बाकीची पुण्यापर्यंत टिकत नाही. बारातली नऊ टिकली.