वापरानंतरचा अनुभव: अंगाभोवती लपेटायचं पांघरूण क्रोशाचं, दोन सुयांचं की वाकळ?

निकाल आधी सांगून टाकते. घरात अंगाभोवती लपेटून वावरायला पांघरूण करायचं असेल, तर थंडीसाठी जुन्या सुती साडीची हलकी वाकळ करा आणि पावसाळ्यासाठी कृत्रिम लोकरीचं, म्हणजे अ‍ॅक्रिलिकचं क्रोशाचं. दोन सुयांवर विणलेलं दिसायला सगळ्यांत देखणं, पण त्याची निगा राखणारं कुणीतरी घरात पाहिजे. चौथं फ्लीसचं (पॉलिएस्टरचं लवदार कापड) शिवलेलं, त्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही.

ही चारही पांघरुणं मृग लागायच्या आधी तयार होती आणि शिमग्यापर्यंत रोजच्या वापरात राहिली: दिवसा ओसरीवर, रात्री टीव्हीसमोर. कपाटात घडी घालून ठेवलेल्या वस्तूचं परीक्षण काय करायचं?

आपल्या बेळगाव भागात पांघरूण निवडताना गाव कुठलं ते आधी बघावं लागतं. कणकुंबी, जांबोटी, खानापूरच्या घाटाकडच्या पट्ट्यात जून ते सप्टेंबर धुतलेलं वाळत नाही आणि न वाळलेलं कुबट होतं. अथणी-रायबागच्या कोरड्या भागात तीच वाकळ सकाळी धुवा, संध्याकाळी अंगावर घ्या. बेळगाव शहर साधारण ७५० मीटर उंचीवर. पाऊस घाटाइतका नसला तरी दमट हवा लवकर हटत नाही, आणि पुढे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १५ च्या खाली उतरतो, हवा कोरडी होते. म्हणजे एकाच घराच्या दोन वेगळ्या गरजा. नेहमीच्या हवेत सूत आपल्या वजनाच्या साधारण ८ टक्के ओलावा धरतं, लोकर १६ च्या आसपास, अ‍ॅक्रिलिक जेमतेम दीड-दोन. पावसाळ्यात सूत आणि लोकर याहूनही जास्त पितात. जुलैत वाकळ अंगावर घेतली की आधी गारच लागते ती यामुळे.

दुसरी गोष्ट वजनाची. टाक्यांचे नमुने ढिगाने मिळतात, पण तयार पांघरूण किती भरेल हे क्वचित कुणी सांगतं, आणि खांद्याला कळतं ते वजनच. ५०० ते ७०० ग्रॅमचं पांघरूण अंगावर आहे हे विसरायला होतं. किलोच्या वर गेलं की ते मागे घसरतं, गळ्याशी ओढ बसते आणि माणूस दर पाच मिनिटांनी ते सावरत बसतो. अंथरुणात घ्यायची वाकळ अडीच-तीन किलोची असली तरी चालते, तिला खांद्यावर राहायचं नसतं.

आता वाकळीबद्दल, कारण यात करण्यासारखं सगळ्यांत जास्त आहे. एक सहावारी सुती साडी घ्या, साडेपाच मीटर लांब आणि एकशे दहा सेंमीच्या आसपास पन्ह्याची. तिचे तीन भाग केले की सुमारे १८० सेंमी लांबीचे तीन थर होतात. मधे घालायला एका जुन्या धोतराचे दोन थर. असे पाच थर झाले, वजन ७०० ग्रॅमच्या आसपास. साडी कापायच्या आधी उजेडाकडे धरून बघा. बसण्याच्या जागी आणि निऱ्यांच्या खालच्या काठाशी सूत विरलेलं असतं, तो भाग मधल्या थरात गेला पाहिजे. रचना अशी: साडी, धोतर, साडीचा विरलेला भाग, धोतर, साडी. जरीची किंवा कडक खळ असलेली साडी नको. जुनी शहापुरी (बेळगावच्या शहापूरची) सुती मिळाली तर सोनंच. हल्ली सुती म्हणून घेतलेल्या साडीत पॉलिएस्टर निघतं, म्हणून काठाचे दोन धागे ओढून काडी लावा: सूत कागदासारखं जळून राख होते, पॉलिएस्टर वितळून गोळी होते. मिश्र कापड वाकळीत सरकतं, थर एकमेकांना धरून राहत नाहीत.

सगळं कापड आधी धुऊन वाळवून घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात एक थर आटतो आणि बाकीचे फुगतात. रंग जातो का बघायला ओला पांढरा रुमाल साडीवर घासा. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो असं घरोघरी सांगतात, पण कच्चा रंग त्याने थांबत नाही. अशी साडी वेगळी दोन-तीनदा धुवा, नाहीतर आतल्या थराला वापरा.

मग शहाबादी फरशीवर थर पसरायचे, तळहाताने मधून कडेकडे सुरकुत्या काढायच्या, चारी कोपऱ्यांवर वजन ठेवायचं, कडा दीड सेंमी आत दुमडायच्या आणि वीतभर अंतराने कच्चा टाका मारायचा. कच्च्या टाक्याला फाटा देणाऱ्यांची वाकळ ओळखू येते: आतलं धोतर एका बाजूला गोळा झालेलं असतं. पक्का धावदोरा अर्ध्या सेंमीचा, दोन ओळींत दोन सेंमी, म्हणजे एक बोट. ११० सेंमी रुंदीत ५५ ओळी, प्रत्येक १८० सेंमी, म्हणजे शंभर मीटर, आणि दोरा थरांतून वर-खाली जातो ते धरून ११५ ते १२० मीटर. अंतर निम्म्यावर आणलं तर दोरा दुप्पट लागतो आणि वाकळ ताठर होते, थरांमधली हवा दाबली जाते. ऊब त्या हवेचीच असते, त्यामुळे दाट टाके घातलेली वाकळ जास्त उबदार असते हा समज उलटा आहे.

दोरा सुतीच, जाड, मेण लावलेला, एका वेळी दोन हातांपेक्षा लांब नको. पॉलिएस्टरचा दोरा मजबूत म्हणून घेतला जातो, पण तो तुटत नाही, मऊ झालेल्या साडीलाच कापतो. ओळी मधल्या ओळीपासून सुरू करून दोन्ही बाजूंना न्या आणि एकाआड एक दिशा बदला. सगळ्या ओळी एकाच दिशेने ओढल्या की पांघरूण तिरकं होतं. खानापूर-हल्याळकडच्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी बायका उलट करतात: कडेपासून सुरुवात करून चौकोनात आत आत येतात आणि कोपऱ्यांवर कापडाची त्रिकोणी फुलं बसवतात. त्यात कड आधी पक्की होते हा मोठा फायदा, पण हात बसलेला नसेल तर मधोमध फुगा येतो. शिवणयंत्रावर करायची असेल तर १६ नंबरची सुई, चार मिमीचा टाका आणि दाबपट्टीचा दाब कमी. तरी वरचा थर पुढे ढकलला जातोच, त्यामुळे पाच थरांच्या वर यंत्रावर जाऊ नये.

वापरात काय दिसलं? मऊपणा प्रत्येक धुण्यासरशी वाढला. झिजली ती फक्त गळ्याची कड, आणि तिथेच तेल-घाम बसून काळी पडली. त्यावर उपाय साधा आहे: लांब कडेच्या मधोमध ६० सेंमी लांब आणि १२ सेंमी रुंद सुती पट्टी दुमडून मोठ्या टाक्यांनी अडकवायची. मळली की उसवून तेवढीच धुवायची. सगळी वाकळ भिजवण्याची वेळ निम्म्याने कमी येते, आणि पावसाळ्यात हे फार मोलाचं आहे. अर्धवट वाळलेली वाकळ घडी घातली तर घडीच्या रेघेवर बुरशीचे काळे ठिपके पडतात, ते नंतर जात नाहीत.

क्रोशाच्या पांघरुणाला ५.५ मिमीची सुई आणि मध्यम जाडीचं अ‍ॅक्रिलिक, ६०० ग्रॅम घ्या. तयार वजन ५५० च्या आसपास भरतं. गुंडे एकदमच घ्यावेत आणि चिठ्ठीवरचा रंगाचा लॉट क्रमांक जुळवून घ्यावा, पुढच्या खेपेला तोच रंग एक छटा वेगळा निघतो. दहा सेंमीत १४ खांब (सुईवर एक वेढा घेऊन घातलेला उंच टाका) आणि ७ ओळी असा हिशोब धरला तर ८० सेंमी रुंदीला ११४ साखळ्या घाला आणि पहिला खांब सुईपासून चौथ्या साखळीत. वळणाच्या साखळ्या एक खांब धरून ११२ होतात. १७० सेंमी लांबीला साधारण १२० ओळी. सुरुवातीच्या साखळ्या ६ मिमीच्या सुईवर घालाव्यात, नाहीतर खालची कड आखडते आणि पांघरूण पंख्यासारखं वर उघडत जातं. बाजू तिरक्या होतात त्याचं कारण जवळपास नेहमी एकच: ओळीच्या शेवटी वळणाच्या साखळीवरचा खांब राहून जातो. दर पाच-सहा ओळींनी मोजा. शेवटी भोवतीने मुक्या खांबाची (वेढा न घेता घातलेला आखूड टाका) एक फेरी, ओळींच्या बाजूने प्रत्येक ओळीत दोन आणि कोपऱ्यात एका घरात तीन. दोनच्या जागी तीन घातले की कडेला झालर येते.

पावसाळ्यात याने सगळ्यांना मागे टाकलं. यंत्रात पिळलं, पंख्याखाली पसरलं, रात्रभरात वाळलं, वास नाही. थंडीत मात्र खांबांमधून वारा लागतो. तिथे एक मुका खांब, एक साखळी असा दाट टाका घेतला तर वारा अडतो, पण धागा आणि वजन दोन्ही वाढतात. सगळ्यांत मोठा त्रास म्हणजे बांगड्या आणि जोडवी अडकून फासे ओढले जातात. ओढलेला फास कधी कापू नका, बोथट सुईने शेजारच्या टाक्यांत थोडा थोडा मुरवत न्या. मनगटाशी आणि कोपराशी गोळेही येतात, ते दाढीच्या जुन्या ब्लेडने अलगद निघतात.

इस्त्री अजिबात नको. गरम इस्त्री लागली की अ‍ॅक्रिलिक चपटं, चकचकीत होऊन लोंबायला लागतं, ते परत उभं राहत नाही. आणि हे पांघरूण चुलीपुढे किंवा शेकोटीशी घेऊन बसू नका. ठिणगी पडली तर सूतही पेट घेतं, पण अ‍ॅक्रिलिक वितळून कातडीला चिकटतं. फ्लीसलाही हेच लागू. लहान मुलं आणि म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत तर शेकोटीपाशी वाकळच, तीही ज्वाळेपासून लांब.

दोन सुयांवरचं थोडक्यात. ५ मिमीची (जुन्या मापात ६ नंबर) गोल सुई, ८० सेंमी लांबीची, कारण सरळ सुयांवर पांघरुणाचा सगळा भार मनगटांवर येतो. दहा सेंमीत १६ टाके धरून १२८ टाके घाला आणि प्रत्येक ओळ सुलटच विणा. एक ओळ सुलट, एक ओळ उलट केली तर कडा गुंडाळतात आणि धुऊनही सरळ होत नाहीत. प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता उचलला की कड साखळीसारखी स्वच्छ येते. टाके बंद करताना एक माप जाड सुई वापरा. लोकरमिश्रित धाग्याची ऊब क्रोशापेक्षा चांगली आणि झोक फार सुंदर. पण दोरीवर टांगलं की पाण्याच्या भाराने लांबत जातं, म्हणून पंच्यात गुंडाळून दाबायचं आणि खाटेवर आडवं वाळवायचं. गरम पाणी, साबण आणि चोळणं एकत्र आलं की लोकर आटून नमदा होतो. शिवाय एक टाका सुटला तर खालपर्यंत शिडी पडते. आणि दसऱ्यानंतर ऊन न दाखवता ठेवलं तर कसर लागलीच म्हणून समजा. कडुनिंबाचा वाळलेला पाला मदत करतो, पण उन्हाला पर्याय नाही.

फ्लीस दीडशे सेंमी पन्ह्याचं मिळतं. १८० सेंमी कापून रुंदी शंभरवर आणली, कड एकदा दुमडून नागमोडी टाका मारला, की झालं. धागे सुटत नाहीत, वाळतं झटकन. पण हिवाळ्याच्या कोरड्या हवेत केसांशी चटचट होते, आणि उठावदार मऊपणा धुण्यागणिक कमी होत गेला.

धनगरी घोंगड्याबद्दल विचारणारे भेटतातच. दख्खनी मेंढीची लोकर भरड, वर चिंचोक्याची खळ. शेतात, पावसात त्याला तोड नाही की! घरात मात्र मानेला टोचतं. गळ्याला वर सांगितलेली सुती पट्टी लावली तरच घरात बसून घ्यावं.

खांद्यावरून घसरू नये म्हणून लांब कडेच्या मध्यापासून दोन्हीकडे ३८ सेंमीवर एका बाजूला बटण, दुसऱ्या बाजूला फास. क्रोशात काज करावं लागत नाही, खांबांमधल्या फटीत २० मिमीचं बटण जातं. वाकळीत पाच थरांतून काज करण्यापेक्षा कापडी फास शिवा. सेफ्टी पिन नको, पावसाळ्यात ती गंजते आणि तांबडा डाग कायमचा राहतो.

वाकळ शिवून घेणार असाल तर शिवणाऱ्या बाईंना फक्त 'वाकळ करा' म्हणून साड्या देऊ नका, त्या अंथरुणाच्या मापाची, आठ-दहा थरांची करून देतात. पाच थर, १८० बाय ११०, एका बोटाच्या ओळी, सुती दोरा आणि गळ्याची पट्टी उसवता येईल अशी, एवढं आधी बोलून घ्या. दोराही आपणच नेऊन द्या.