देव न मानणाऱ्याची व्यसनमुक्ती: 'स्मार्ट रिकव्हरी'च्या मीटिंगा कितपत उपयोगी?

देव न मानल्याचे काही परिणाम भोगावे लागतात का, हा प्रश्न दारू सोडायला निघालेल्या माणसापुढे पहिल्याच मीटिंगमध्ये येतो. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे एए, ही १९३५ साली सुरू झालेली आणि जगात सर्वांत दूरवर पसरलेली मदतगटांची चळवळ. तिच्या बारा पायऱ्यांपैकी तिसरी, पाचवी, सहावी आणि अकरावी या चारांत देवाचं नाव थेट येतं. दुसरीत 'आपल्याहून मोठी शक्ती' आहे आणि सातवीत 'त्याच्या'कडे आपल्या उणिवा दूर करण्याची विनंती. म्हणजे निम्म्या पायऱ्या झाल्या. ज्याचा देवावर विश्वास नाही, त्याच्यासाठी १९९४ पासून या नावाने चालणारी 'स्मार्ट रिकव्हरी' ही दुसरी सेवा आहे. हे परीक्षण तिचं.

'देवाला मानत नाहीस, म्हणून तुझी सुटत नाही,' असं घरचे म्हणतात तेव्हा माणूस दोनदा खचतो. या म्हणण्याची पडताळणी झालेली आहे. प्रोजेक्ट मॅच या अमेरिकेतल्या मोठ्या उपचार-चाचणीतल्या रुग्णांचा देवावरचा विश्वास आणि एएमधली हजेरी ताडून पाहणारा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. नास्तिक आणि अज्ञेयवादी रुग्ण एएला कमी जात होते आणि गेले तरी टिकत नव्हते. पण जे जात राहिले त्यांना हजेरीचा फायदा देव मानणाऱ्यांसारखाच झालेला दिसला. नुकसान होतं ते मीटिंग सुटल्यामुळे. म्हणून या सेवेला आमची मुख्य कसोटी अशी: न मानणारा माणूस दोन महिन्यांनीही तिथे येतो का, आणि येऊन नेमकं काय करतो?

त्याआधी एक गोष्ट, कारण ती चुकली तर जीव जातो. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक दारू बंद केली तर शेवटच्या पेगनंतर साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, आणि ४८ ते ९६ तासांत डिलिरियम ट्रेमेन्स सुरू होऊ शकतो: भास, प्रचंड थरथर, ताप, कुठे आहोत याचं भान सुटणं. झोपेच्या आणि चिंतेच्या काही गोळ्या रोज घेणाऱ्यांनाही एकदम बंद केल्यास असाच धोका असतो. कोणतीही मीटिंग, देवाची असो की बिनदेवाची, यावर उपाय नाही. आधी डॉक्टर, मग मीटिंग. डॉक्टरांनी नाल्ट्रेक्सोन किंवा अकॅम्प्रोसेट हे दारूपासून दूर राहायला मदत करणारं औषध दिलं असेल तर स्मार्टची त्याला आडकाठी नसते, आणि हा तिचा मोठा गुण आहे. काही गटांत औषध घेणाऱ्याला 'तू खरा सोबर नाहीस' असं सुनावलं जातं. ते धोकादायक आहे, आणि अशा गटात थांबू नये.

मीटिंग ६० ते ९० मिनिटांची असते, प्रत्यक्ष किंवा ऑनलाइन. फी नसते, देणगी ऐच्छिक. सुरुवातीला प्रत्येकजण थोडक्यात सांगतो की आठवडा कसा गेला आणि आज कशावर बोलायचंय. त्यातून समन्वयक दोन-तीन विषय निवडतो, मधला मोठा वेळ त्यांवर काम होतं, आणि शेवटी प्रत्येकजण पुढच्या आठवड्यात काय करणार ते सांगतो. 'मी अमुक, मी दारुडा' अशी ओळख करून द्यावी लागत नाही. स्पॉन्सर, म्हणजे एएमध्ये नव्या सदस्याला हाताशी धरून वाट दाखवणारा जुना सदस्य, इथे नसतो. पायऱ्या नसतात, प्रार्थना नसते. एएमध्ये एकाचं शेअरिंग चालू असताना इतर सहसा फक्त ऐकतात. इथे एकमेकांना प्रश्न विचारणं, सुचवणं हेच काम आहे. समन्वयक प्रशिक्षित असतो, पण तो स्वतः व्यसनातून गेलेलाच असेल असं नाही. काहींना ते खटकतं. आमच्या मते समन्वयकाचा इतिहास काय, यापेक्षा तो लोकांना कागदावर काम करायला लावतो का, हे महत्त्वाचं.

कारण या सेवेचं सगळं बळ कागदात आहे. पहिलं साधन म्हणजे फायद्या-तोट्याचा तक्ता. एका पानाचे चार चौकोन करायचे: पिण्याचे फायदे, पिण्याचे तोटे, न पिण्याचे फायदे, न पिण्याचे तोटे. मग प्रत्येक ओळीपुढे 'तात्पुरता' की 'टिकणारा' ते लिहायचं. इथली नेहमीची चूक म्हणजे पहिला चौकोन रिकामा ठेवणं. लाज वाटते, किंवा बरोबर उत्तर द्यायचं असतं, म्हणून माणूस 'काहीच फायदा नाही' असं लिहून मोकळा होतो. मग तक्ता खोटा ठरतो आणि आठ दिवसांत निरुपयोगी होतो. डोकं शांत होतं, झोप लागते, चारचौघांत बोलता येतं, हे सगळं लिहायलाच हवं, कारण दारू सुटल्यावर याच गोष्टी दुसऱ्या कोणत्या तरी मार्गाने मिळवायच्या आहेत. चौथा चौकोनही तितकाच मोलाचा: जुने मित्र तुटतील, संध्याकाळ रिकामी पडेल, घरची भांडणं शुद्धीत ऐकावी लागतील. हे तोटे आधी दिसले तर त्यांची तयारी करता येते. तक्ता एकदा लिहून संपत नाही. पहिले तीन महिने दर पंधरवड्याला नवा लिहावा आणि जुन्याशेजारी ठेवून वाचावा.

दुसरं साधन एबीसी. ते अल्बर्ट एलिस यांच्या १९५०च्या दशकातल्या मानसोपचार पद्धतीतून आलं आहे. 'ए' म्हणजे घडलेली घटना, 'बी' म्हणजे त्याबद्दल मनात पक्की बसलेली समजूत, 'सी' म्हणजे परिणाम. पुढे 'डी'मध्ये त्या समजुतीची उलटतपासणी करायची आणि 'ई'मध्ये तिच्या जागी टिकेल अशी समजूत मांडायची. उदाहरणार्थ: साहेबांनी सगळ्यांसमोर चूक दाखवली, ही घटना. 'माझी काही किंमतच उरली नाही, आणि आता घेतल्याशिवाय हे सहन होणार नाही', ही समजूत. अंगाची लाही होणं आणि तिथून थेट बारकडे वळणं, हा परिणाम. उलटतपासणीत विचारायचं: एका चुकीने किंमत जाते हे कशावरून? याआधी असं कधी सहन केलंच नव्हतं का? मग लिहायचं: 'अपमान झाला, वाईट वाटतंय, पण हे सहन होण्यासारखं आहे.' शेवटच्या ओळीत 'मला काहीच वाटत नाही' असं लिहू नये. ते मनाला पटत नाही, म्हणून संध्याकाळपर्यंतही टिकत नाही. दुसरी चूक म्हणजे 'बी'च्या रकान्यात राग, भीती अशा भावना लिहिणं. भावना 'सी'त जातात. त्या चुकीच्या रकान्यात पडल्या की तपासायला काही उरतच नाही, कारण रागाला 'कशावरून?' असं विचारता येत नाही.

या पद्धतीत समजूत तपासली जाते, पण ती देवाबद्दलची नव्हे. स्मार्ट रिकव्हरी देव नाही असं म्हणत नाही. त्याबद्दल ती भूमिकाच घेत नाही. देव मानणारेही तिथे येतात, आणि त्यांनी यावंच. ज्या गटात मीटिंगचा अर्धा वेळ धर्माची किंवा एएची टिंगल करण्यात जातो तो गट सोडावा. तिथे देव न मानणाऱ्यांना बोलायला मिळतं, पण तलफेवर काम होत नाही.

तलफेसाठी नोंदवही असते. तारीख, वेळ, तीव्रता १ ते १०, किती वेळ टिकली, कशाने उठली, काय केलं, एवढे सहा रकाने पुरतात. बहुतेक तलफा काही मिनिटांत चढतात आणि अर्ध्या तासाच्या आत ओसरतात. पण 'किती वेळ टिकली' हा रकाना न भरणाऱ्याला हे कधीच कळत नाही. त्याला वाटतं, घेतली म्हणूनच ती थांबली. नोंद त्याच वेळी करायची, रात्री आठवून नव्हे. तलफ आली की काय करायचं याची एक साखळी शिकवतात: लांबवणं, त्या जागेवरून निघून जाणं, ती आली आहे हे मान्य करणं, तिच्या युक्तिवादाला उत्तर देणं, आणि दुसरं काही हाती घेणं. शेवटच्या कडीत लोक फसतात. 'काहीतरी करीन' हे पर्यायी काम नाही. वीस मिनिटं हात आणि डोकं दोन्ही गुंतवेल असं एक ठरलेलं काम आधीच लिहून ठेवावं लागतं.

मूल्यांची उतरंड हे आणखी एक साधन. आयुष्यात सर्वांत मोलाच्या पाच गोष्टी लिहायच्या. त्या यादीत दारू कोणीच लिहित नाही, पण वेळ आणि पैसा तिकडेच जात असतात. ते शेजारी मांडलं की काम होतं. बाकी साधनांना फारसा वेळ देण्याची गरज नाही.

आता उणिवा. सर्वांत मोठी म्हणजे मीटिंगांची संख्या. एए सुमारे १८० देशांत आहे, आणि अनेक शहरांत रोज कुठे ना कुठे मीटिंग मिळते. स्मार्टच्या प्रत्यक्ष मीटिंगा पुष्कळ कमी, त्यामुळे बऱ्याच जणांचा भार ऑनलाइनवर. स्पॉन्सर नसल्याने रात्री दोन वाजता फोन कोणाला करायचा, याचं उत्तर सेवा देत नाही. ते स्वतः उभारावं लागतं. त्यासाठी मीटिंगमधल्या दोघांशी आधीच बोलून नंबर घ्यावेत. ज्याला लिहिण्याचा कंटाळा आहे, त्याला इथे निम्मंच मिळेल. आणि 'उपयोग आहे तोवर या' या मोकळिकीचा अर्थ अनेकजण पहिला महिना बरा गेला की 'आता नको' असा लावतात.

ध्येयाची ढिलाई ही त्याहून गंभीर बाब. अजून काहीच ठरवलं नाही अशा माणसालाही इथे बसता येतं. हे स्वागतार्ह आहे, पण त्याची किंमत आकड्यांत दिसते. बारा पायऱ्यांचे गट, स्मार्ट, आणि लाइफरिंग व विमेन फॉर सोब्रायटी हे बारा पायऱ्यांबाहेरचे आणखी दोन मदतगट यांची तुलना करणारा अमेरिकेतला अभ्यास २०१८ साली आला. वरवर पाहता त्यात स्मार्टच्या लोकांची स्थिती बारा पायऱ्यांच्या लोकांपेक्षा कमी चांगली होती. पण सुरुवातीला कोणाचं ध्येय काय होतं हे हिशोबात धरल्यावर तो फरक लक्षणीय उरला नाही. याचा सरळ वापर करता येतो: पहिल्याच आठवड्यात बदलाच्या आराखड्यावर, म्हणजे काय बदलायचं आणि कसं ते लिहायच्या कागदावर, ध्येय म्हणून 'कमी करीन' न लिहिता शून्य लिहावं, तारीख घालावी, कोणाला सांगितलं ते लिहावं, आणि कोणत्या तीन प्रसंगी मोडू शकतं तेही लिहावं.

पुराव्याच्या बाबतीत एएचं पारडं जड आहे, हे स्मार्टच्या चाहत्यांनी मान्य करायला हवं. कॉक्रन ही उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणारी संस्था. तिच्या २०२०च्या आढाव्यात २७ अभ्यास आणि १०,५६५ माणसं होती. ठरलेल्या मार्गदर्शिकेनुसार एएशी जोडून देणारे उपचार दारूपासून पूर्णपणे दूर राहण्याच्या बाबतीत इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरले. स्मार्टमागे इतकी तपासणी अजून उभी नाही. म्हणून जवळपास फक्त एए असेल, तर देव न मानणाऱ्याने घरी बसू नये. एएच्या सदस्यत्वाची अट एकच आहे: दारू सोडण्याची इच्छा. तिसऱ्या पायरीतला देव 'आम्हाला उमगलेला' असा लिहिला गेला, तो सुरुवातीच्या गटातल्या न मानणाऱ्यांच्या आग्रहामुळेच. पहिली, चौथी, आठवी, नववी, दहावी आणि बारावी या पायऱ्यांत देवाचा उल्लेख नाही. आपल्या चुकांची यादी, दुखावलेल्यांची यादी, भरपाई, रोजची तपासणी, ही कामं तशीच्या तशी करता येतात. प्रार्थनेच्या वेळी शांत उभं राहिलं तरी चालतं. स्पॉन्सर निवडताना पहिल्याच भेटीत विचारावं: 'मी देव मानत नाही, तरी माझ्याबरोबर काम कराल का?' उत्तर अडखळत आलं तर दुसरा शोधावा. नास्तिक आणि अज्ञेयवाद्यांसाठीचा एए गट शिकागोत १९७५ साली सुरू झाला, आणि आता असे गट ऑनलाइनही मिळतात. आठवड्यात एक स्मार्ट आणि दोन एए अशी जोडणी आम्हाला सर्वांत भरवशाची वाटते: इथे कागदाचं काम, तिथे माणसं.

कोर्टाने किंवा कामाच्या ठिकाणाने मीटिंगची सक्ती केली असेल तर गोष्ट वेगळी. अमेरिकेत १९९६ पासून अनेक अपील न्यायालयांनी म्हटलं आहे की शासनाने दुसरा पर्याय न देता धार्मिक आशयाच्या कार्यक्रमाची सक्ती करणं घटनेला धरून नाही. कायदा देशोदेशी बदलतो, पण धर्मनिरपेक्ष पर्यायाची मागणी सुरुवातीलाच आणि लेखी करावी, आणि हजेरीचा दाखला कोणत्या नमुन्यात चालेल तेही विचारून घ्यावं. ऑनलाइन मीटिंगच्या दाखल्यावर नंतर वाद होतो.

घरच्यांसाठी स्मार्टची वेगळी मीटिंग असते, आणि ती या सेवेतला सर्वांत कमी वापरला जाणारा भाग आहे. ती क्राफ्ट या, व्यसनी माणसाच्या घरच्यांना शिकवल्या जाणाऱ्या पद्धतीवर आधारलेली आहे: प्यालेल्या अवस्थेत वाद घालायचा नाही, शुद्धीतल्या वेळी सोबत द्यायची, पिण्याचे परिणाम झाकायचे नाहीत, आणि मदतीचा विषय कोणत्या क्षणी काढायचा याची तालीम करायची. त्यातली बोलण्याची पद्धत लगेच वापरता येते: थोडक्यात, एकाच घटनेबद्दल, 'मला' या शब्दाने सुरू होणारं वाक्य. 'तू देवाला मानत नाहीस म्हणून…' हे वाक्य या तिन्हींत बसत नाही. त्याऐवजी 'मला काल रात्री भीती वाटली, मंगळवारच्या मीटिंगला मी तुला सोडायला येऊ का?' असं म्हणता येतं.